एका जुवाखाली

सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की पहिल्याच पानावर कुठले तरी आयुक्त भेटतात. शेजारी एखादी नवी योजना असते. खाली उद्योगांच्या बातम्या, कुणाची नियुक्ती, एखादी संयुक्त समिती. आत योगासनांचं सदर. छोट्या जाहिरातींत एखादा उमेदवार लगेच जॉइन व्हायला तयार असतो.

हे सारे शब्द एकाच घरातले आहेत. आपापल्या कामात इतके गुंतलेले, की एकमेकांना ओळख देत नाहीत. ज्याच्याभोवती हे घर उभं राहिलं तो शब्द मात्र त्या पानावर सहसा नसतो. तो फक्त एका अक्षराचा आहे. जू.

जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड. टोकांकडे भोकं असतात, भोकांत शिवळा. शिवळेला जोतं अडकवून ते मानेखालून घेतलं, की बैल जुवात आला. मधोमध नांगराची किंवा गाडीची दांडी दोरानं आवळलेली. एवढंच. इतकी साधी वस्तू, की तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. लोक बैलांकडे बघतात. त्यांच्या शिंगांकडे, वशिंडाकडे, चालीकडे. बैल मात्र दिवसभर जूच सोसत असतात.

संस्कृतात या लाकडाला युग म्हणत. प्राकृतातून मराठीत येताना शब्दाच्या सुरुवातीचा 'य' बदलून 'ज' झाला. यात्रेची जत्रा झाली. यज्ञोपवीताचं जानवं झालं. तसंच युगाचं जू झालं, योक्त्राचं जोतं झालं आणि योगीचा जोगी. 'योग्य' हा शब्दही 'जोगं' होऊन आपल्यात राहिला. सांगण्याजोगं, पाहण्याजोगं असं आपण सहज म्हणतो. एक भाऊ पाठशाळेत गेला आणि त्यानं आपला 'य' जपला. दुसरा शेतात राहिला आणि बोलण्यात झिजला. झिजलेला शब्द हलका असतो असं मला वाटत नाही. तो जास्त हातांतून गेलेला असतो.

हे घर आपल्या देशापुरतं नाही. लॅटिनमध्ये जुवाला युगुम म्हणतात, ग्रीकमध्ये झुगोन, गॉथिकमध्ये युक, लिथुएनियनमध्ये युंगस, रशियनमध्ये ईगो, इंग्रजीत योक. तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे १९०६ पासून झालेल्या उत्खननांत मातीच्या हजारो लेखविटा निघाल्या. त्यांवरची हित्ती भाषा कुणाला कळेना. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनी या चेक विद्वानानं ती भाषा याच कुळातली असल्याचं दाखवलं. त्या विटांवरही हा शब्द आहे, यूकन. तीन हजारांहून अधिक वर्षं तो मातीखाली होता. बाहेर आला तेव्हा नाशिक-नगरच्या शेतकऱ्यालाही तो ओळखीचा वाटावा, इतका आपला होता.

इतकी भावंडं एकसारखी दिसू लागली की आईचा विचार करावाच लागतो. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची गोष्ट मांडली. पुढे शंभर-दीडशे वर्षं विद्वान ध्वनी जुळवत बसले. त्यातून जी भाषा उभी राहिली तिला ते आद्य भारत-युरोपीय म्हणतात. तिच्यातलं जू होतं युगोम् आणि त्यामागचा धातू येउग्, म्हणजे जोडणं, जुंपणं.

ही रूपं छापताना त्यांच्यापुढे एक तारा काढतात. ही पद्धत रूढ करणाऱ्यांत जर्मन विद्वान आउगुस्ट श्लायखर प्रमुख. तारा सांगतो की हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. कुणी ऐकलेला नाही. लेकरांचे चेहरे पाहून आईचा चेहरा काढला आहे. तो चुकू शकतो, आणि विद्वानांनी तो अनेकदा दुरुस्तही केला आहे. मला त्या ताऱ्याचं कौतुक वाटतं. आपण बोलतो त्यातल्या किती वाक्यांपुढे असा तारा काढायला हवा होता!

श्लायखर यांनी १८६८ मध्ये या भाषेत एक छोटी गोष्टही रचली. एका मेंढीला घोडे दिसतात. एक जड गाडी ओढतोय, दुसऱ्याच्या पाठीवर ओझं आहे, तिसऱ्यावर माणूस बसलाय. मेंढीला वाईट वाटतं. घोडे तिला तिच्या लोकरीची आठवण करून देतात, आणि मेंढी रानात पळून जाते. कुणी लिहून न ठेवलेल्या भाषेतली पहिली गोष्ट लिहायला बसलेल्या माणसाला आधी आठवलं ते ओझं ओढणारं जनावर.

ते साहजिकच होतं म्हणा. या भाषेत चाकाला शब्द होता, त्याचंच पुढे चक्र झालं. आसाला शब्द होता, त्याचंच अक्ष आणि गाडीचा आस. जुवाला शब्द होता. म्हणजे ती बोलणाऱ्यांना गाडी ठाऊक असणार. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथे सापडलेल्या एका मडक्यावर चार चाकांच्या गाडीचं चित्र आहे. ते इ.स.पू. ३५०० च्या सुमाराचं मानतात. भाषेचा काळ ठरवताना विद्वान अशा खुणांचा आधार घेतात. चाकाला एक नाव असेल तर चाक आल्यानंतरच भाषा फुटली असणार, असा तो साधा हिशेब.

आपल्याकडचंही एक जू फार जुनं आहे. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद इथे एका शेतकऱ्याला खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. गेंडा, हत्ती, म्हैस, आणि दोन बैलांचा रथ. रथ हाकणारा माणूस उभा आहे. बैलांच्या मानेवर जू आहे. अनेक अभ्यासक या वस्तू हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानतात. ज्यांनी हे जू ओतलं ते त्याला काय म्हणत, याची नोंद कुठेच नाही. बैलाला शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. नाव बदललं तरी मान तीच होती.

शब्द घराबाहेर पडले आणि त्यांची नशिबं वेगळी झाली. रोममध्ये जुवाला कडू अर्थ चिकटला. हरलेल्या सैन्याला जुवाखालून चालवत नेण्याची तिथे चाल होती. दोन भाले जमिनीत उभे रोवायचे, वर तिसरा आडवा बांधायचा, आणि शस्त्रं काढून घेतलेल्या सैनिकांनी त्याखालून वाकून जायचं. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडाइन खिंडीत सॅम्नाइट लोकांनी ही वेळ खुद्द रोमनांवरच आणली. जुवाखाली आणणं म्हणजे गुलाम करणं, हा अर्थ तिथून युरोपभर पसरला. रशियन इतिहासात मंगोलांच्या सत्तेला ईगो म्हणतात, तेही हेच जू.

पण त्याच लॅटिनमध्ये नवऱ्याला आणि बायकोलाही एकच शब्द आहे, कोन्युंक्स. एकत्र जुंपलेला, एकत्र जुंपलेली. हरलेला शत्रू आणि घरातला जोडीदार, दोघांची नावं एकाच लाकडावरून पडली. यात विनोद शोधणारे शोधतील. मला वाटतं रोमन माणसाला दोन्ही खरं दिसलं होतं. जू मानेवर भार टाकतं, आणि जू शेजारी कुणाला तरी आणून उभं करतं. एक गोष्ट टाळून दुसरी घेता येत नाही.

संस्कृतानं दुसऱ्या गोष्टीकडे जास्त पाहिलं. युग म्हणजे जोडी, युगल म्हणजे जोडी. पुढे युग म्हणजे एकत्र चालणारी पिढी, आणि मग काळ. वेदांगज्योतिषात युग फक्त पाच वर्षांचं आहे. पुराणांपर्यंत पोचेपर्यंत एकट्या कलियुगाची वर्षं ४,३२,००० झाली. चार-सहा हात लाकडाचा शब्द इतका लांबला.

अंतराचंही तसंच. योजन म्हणजे एका जुंपणीत जेवढी वाट सरते तेवढी. पुन्हा सोडायचं, पुन्हा जुंपायचं, म्हणजे दुसरं योजन. रोमन शेतकऱ्यानं तशीच जमीन मोजली. एक जोडी एका दिवसात जेवढं नांगरते ते यूगेरम, साधारण पाव हेक्टर. माणसानं जग आधी स्वतःच्या बोटांनी आणि हातांनी मोजलं, आणि ते पुरेनासं झालं तेव्हा बैलाच्या दमानं.

'योग्य' या शब्दापाशी मात्र मी थोडा थांबतो. वेदकाळात योग्य म्हणजे जुंपायचं जनावर. जुंपण्यालायक, जुवाला बसणारं. कुणाला योग्य म्हणताना आज आपण त्याचे गुण मोजतो, शिक्षण मोजतो, पगार मोजतो. जुन्या अर्थात गुणाचा प्रश्नच नव्हता. बैल उमदा असेल, तरी शेजारच्या बैलाशी त्याची उंची आणि चाल जुळते का, एवढंच बघायचं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशू आपलं जू सोयीचं आहे असं सांगतो. तिथला मूळ ग्रीक शब्दही याच घरातला, झुगोस. जू नाहीच, असं तो सांगत नाही. आपलं जू मानेला काचणारं नाही, एवढंच सांगतो.

'योग' या शब्दाबद्दल इतकं बोललं गेलं आहे की भीतभीतच बोलावं. ऋग्वेदात योग म्हणजे घोडे रथाला जुंपणं. कठोपनिषदात शरीर रथ होतं, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. जीवात्मा परमात्म्याला जोडणं म्हणजे योग, असं आपण ऐकत आलो. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात मात्र युज् एकाहून अधिक वेळा येतो. एका गणात त्याचा अर्थ जोडणं, दुसऱ्या गणात समाधी. पतंजलीच्या सूत्रांवर भाष्य करणाऱ्या व्यासांनी योगाचा अर्थ समाधी असाच दिला आहे. पंडितांचा हा भेद मला मान्य आहे. तरी सकाळी मन जागेवर बसत नाही, तेव्हा मला समाधीपेक्षा घोडाच जास्त दिसतो.

याच घरातला एक शब्द मुंबईत नरिमन पॉइंटला एका मोठ्या इमारतीवर आहे. आयुर्विमा महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यालयाचं नाव योगक्षेम. भाष्यकारांनी त्याचा अर्थ दिला, जे नाही ते मिळवणं आणि जे मिळालं ते राखणं. विम्याला हा अर्थ शोभतोही. काही अभ्यासक याच्याही मागे जातात. योग म्हणजे जुंपून निघणं, क्षेम म्हणजे मुक्काम. गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांचं वर्ष या दोन भागांत विभागलेलं होतं. काही महिने गाड्या चालत, काही महिने गाड्या सुटलेल्या असत. देवाकडे मागताना त्यांनी दोन्ही मागितलं. चालणंही नीट होऊ दे, थांबणंही. आपण सकाळी डबा घेऊन निघतो आणि रात्री परततो, तेव्हा त्यांच्या वर्षाची आपण एका दिवसात घडी घालतो. फक्त आपण निघण्यासाठी बरंच काही मागतो, आणि थांबण्यासाठी फारसं मागत नाही.

पहिल्या पानावरचे आयुक्त राहिले. त्यांचं नातं फार जुनं आहे. अशोकाच्या गिरनारच्या तिसऱ्या शिलालेखात 'युत' नावाचे अधिकारी येतात, म्हणजे युक्त, कामाला जुंपलेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ते आहेत. पाण्यातला मासा पाणी कधी पितो हे जसं कळत नाही, तसं हे युक्त लोक पैसा कधी खातात तेही कळत नाही, असं तो म्हणतो. शब्द टिकतात ते असे, आपल्या खोडींसकट. उद्योग म्हणजे कामाला सज्ज होणं. महाभारताचं उद्योगपर्व म्हणजे युद्धाची तयारी. आपल्या घरात आई मुलांना 'नसते उद्योग करू नका' म्हणते, तेही तयारी पाहूनच.

काही भावंडं युरोपातून फिरून परत आली. 'जॉइन' लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. वाटेत त्याच्याही 'य'चा 'ज' झाला, जुवासारखाच, पण जुवाला न विचारता. तोच मनमाडच्या आणि भुसावळच्या फलाटावर जंक्शन होऊन उभा आहे. बँकेत तो जॉइंट खातं होतो. ग्रीक भावंडानं जीवशास्त्रात घर केलं. दोन पेशी मिळून जी पहिली पेशी होते तिला झायगोट म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिला युग्मनज हा शब्द दिला. भाषांतर करणाऱ्यानं योगायोगानं म्हणा की जाणून म्हणा, त्याच घराचं दार ठोठावलं. हे वाचणारा प्रत्येक जण सुरुवातीला तेवढाच होता. एक जोडी.

आणि संस्कृतचे मास्तर 'धातू चालवा' म्हणायचे. इंग्रज तेच काम करताना क्रियापदाला कॉन्जुगेट करतो, म्हणजे जुंपतो. त्यांनी जुंपायचं, आपण चालवायचं.

हे सगळं शब्दांचं झालं. खांद्याचं वेगळं असतं. जुवाखाली बैलाचा खांदा सुजतो, त्याला खांदेसूज म्हणतात. जू खडबडीत असलं, नवा बैल एकदम जड कामाला लावला, किंवा जोडीतले दोघे कमी-जास्त उंचीचे असले की ती हमखास होते. उंची जुळली नाही तर जू तिरकं बसतं आणि भार एकाच मानेवर येतो. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. हळद-तूप किंवा लोणी लावून बैलाचे खांदे चोळतात, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षातून एकदा माणूस जुवाकडे बैलाच्या बाजूनं बघतो.

जोडीतला एक बैल अशक्त असेल तेव्हाही एक जुनी तजवीज आहे. दांडीचा दोर जुवाच्या बरोबर मध्ये न बांधता ताकदवान बैलाच्या बाजूला सरकवायचा. मग अशक्ताच्या वाट्याला जुवाची लांब बाजू येते आणि ओझं कमी येतं. तराजू पाहिलेल्या कुणालाही हे समजेल. दोघं एकाच जुवाखाली असतात, एकाच तासात चालतात, एकाच वेळी वळतात. ओढतात मात्र आपापल्या ताकदीप्रमाणे. बरोबर मध्ये बांधलेला दोर दिसायला न्याय्य असतो. चार बोटं सरकवलेला दोर खरोखर न्याय्य असतो. किती घरांत, किती कचेऱ्यांत हा दोर अजून मध्येच बांधलेला आहे.

आता शेतात ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला जू लागत नाही. योग, उद्योग, योजना या शब्दांना धक्का लागणार नाही, त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. शिवळ, जोतं, खांदेमळण यांची तशी शाश्वती नाही. हे शब्द वस्तूबरोबर राहतात आणि वस्तूबरोबर जातात. गावागणिक त्यांची रूपंही बदलतात. तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत ज्यांनी औत हाकलं आहे असं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. जुवाच्या एकेका भागाला त्यांच्याकडे काय म्हणत, जू कोणत्या लाकडाचं करत, बैल सोडताना काय म्हणत, ते विचारा. आणि ऐकाल तसंच, शुद्ध न करता, लिहून ठेवा.